कलाकार राजकारणावर बोलला की तिकीट खरंच कमी खपतं का?

तिसरी_रांग

गेल्या महिन्यात सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात पुण्याचं एक व्यावसायिक नाटक लागलं होतं. नाटकाचं आणि नटाचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर पहिल्या पाच प्रतिसादांत धागा त्याच्या डोक्यावर फुटेल. आमच्या सोसायटीतले नाटकवेडे एरवी एकगठ्ठा तिकिटं काढतात. या वेळी ग्रुपवर एकाने त्या नटाची जुनी पोस्ट शोधून टाकली. खाली लिहिलं, "याला माझे पैसे द्यायचे नाहीत." दुसऱ्याने लगेच उलट बाजूच्या एका नटीचा फोटो डकवला, "मागच्या वर्षी हिच्या नाटकाला टाळ्या वाजवल्या तेव्हा चाललं का?" मग दोन दिवस ग्रुपवर नुसती धुळवड. तिकिटं शेवटी कुणीच काढली नाहीत. मी गेलो. नाट्यगृह चांगलं भरलं होतं आणि मध्यंतरात चहाच्या रांगेत त्या पोस्टबद्दल एक अक्षर ऐकू आलं नाही.

तर प्रश्न असा, की कलाकाराने राजकीय मत मांडलं तर त्याचा धंदा बसतो का? आणि बसत असेल तर तो बसवतं कोण?

माझं मत आधीच सांगतो. प्रेक्षक बसवत नाही. आमिर खान 2006 मध्ये नर्मदेच्या विस्थापितांच्या बाजूने बोलला तेव्हा गुजरातमध्ये 'फना' लागला नाही. बाकी देशात धो धो चालला. 2015 च्या नोव्हेंबरात तो असहिष्णुतेवर बोलला. त्याला जाहिरातीसाठी घेतलेल्या स्नॅपडीलने पुढे करार वाढवला नाही. पण पुढच्याच वर्षी 'दंगल' आला आणि त्याने काय कमाई केली ते सगळ्यांना माहीत आहे. ज्यांनी रागाने स्नॅपडीलचं ॲप काढून टाकलं होतं त्यातलेच कितीतरी पोराबाळांना घेऊन 'दंगल'ला गेले असणार. 2018 मध्ये 'ठग्स ऑफ हिंदोस्तान'ने पहिल्या दिवशी 50 कोटींच्या वर गल्ला केला. म्हणजे वक्तव्यानंतर तीन वर्षांनीही लोक धावत गेले. दुसऱ्या दिवसापासून पळाले ते सिनेमा बघून.

---

निवांत_बे

काय बोललालास बे. सोसायटीची तिकिटं गेली ती गेली, नाटक कसं होतं ते सांग की.

---

तिसरी_रांग

पहिला अंक झकास, दुसरा ओढलेला. आता विषयावर या.

---

शेंगाचटणी

तिसरी_रांग, तुम्ही सोयीची उदाहरणं घेतलीत. 'लाल सिंग चड्ढा' कुठे गेला? ऑगस्ट 2022. पटकथा आपल्या अतुल कुलकर्णींची, हरिभाई देवकरण प्रशालेत शिकलेला माणूस. त्यांनी ती लिहून ठेवल्यावर हक्क मिळवण्यातच कितीतरी वर्षं गेली. सगळं जुळून सिनेमा लागला आणि पहिल्याच दिवशी गल्ला 12 कोटींच्या आत. 'ठग्स'ला सिनेमा बघून लोक पळाले हे मान्य. इथे बघायच्या आधीच आले नाहीत. सिनेमा चांगला की वाईट हे पहिल्या दिवशी सकाळी कुणाला ठाऊक असतं? मग ते न येणं कशाचं होतं?

आणि बहिष्कार म्हटलं की तुम्ही लोक नाक का मुरडता तेही कळत नाही. माझे पैसे, माझी इच्छा. ज्याला बोलायचं स्वातंत्र्य आहे त्याने बोलावं, मला न जायचं स्वातंत्र्य आहे.

---

तिसरी_रांग

पहिल्या दिवसाचा मुद्दा बिनतोड वाटतो खरा, पण त्याच दिवशी, 11 ऑगस्टलाच, अक्षय कुमारचा 'रक्षाबंधन' लागला होता. सणाचा दिवस, बहीण-भावाची गोष्ट आणि नायक असा की त्याच्या देशभक्तीबद्दल तुमच्या ग्रुपवर कुणाला शंका नाही. त्याचा पहिल्या दिवसाचा गल्ला 'लाल सिंग'पेक्षाही कमी होता. त्याच्याविरुद्धही हाका उठल्या होत्या म्हणा, लेखिकेच्या जुन्या ट्वीट्सवरून. पण मुळात कोरोनानंतरच्या त्या वर्षात हिंदी सिनेमाला माणसंच येत नव्हती. लोकांना घरात बसून बघायची सवय लागली होती आणि 'केजीएफ 2'सारखं काहीतरी दणदणीत असल्याशिवाय कुणी उठत नव्हतं.

न जायच्या स्वातंत्र्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. तुम्ही गेला नाहीत म्हणून सिनेमा पडला, एवढं श्रेय फक्त देत नाही.

---

शेंगाचटणी

बरं. मग कंगनाचं काय? 'धाकड', 'तेजस', 'इमर्जन्सी' ओळीने पडले. तेव्हा तुमच्याच बाजूचे लोक "जनतेने धडा शिकवला" म्हणून नाचत होते. आमिरचा सिनेमा पडला तर कोरोना आणि कंगनाचा पडला तर जनता, असं कसं चालेल? मोजपट्टी एकच ठेवा.

---

तिसरी_रांग

एकच ठेवतो. कंगनाचे सिनेमेही राजकारणामुळे पडले असं मी म्हणणार नाही. 'तेजस' मी पाहिलाय, त्याला पडायला कुणाच्या मदतीची गरज नव्हती. तिकडे सिनेमे पडत असताना 2024 मध्ये ती मंडीतून खासदार झाली. तिकीट काढणारा आणि मत देणारा तोच माणूस असला तरी दोन्हीकडे हिशेब वेगळा करतो.

---

पूर्वभाग_एक्सप्रेस

तुम्ही मराठी-हिंदीवाले फार हळवे आहात बुवा. आमच्या पूर्व भागात या. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, सिनेमा हैदराबादचा. इथे हिरोला राजकीय मत असणं ही बातमीच नाही, नसलं तर बातमी. आमचे आजोबा मागावर बसून तेलुगू हिरो एनटीआरच्या गोष्टी सांगायचे. 1982 मध्ये पक्ष काढला आणि 1983 च्या जानेवारीत मुख्यमंत्री.

पण त्यातही गंमत आहे. चिरंजीवीने 2008 मध्ये प्रजाराज्यम काढला, 2009 मध्ये 18 आमदार आले, 2011 मध्ये पक्ष काँग्रेसमध्ये विसर्जित. फॅन लोक इतके चिडले होते की विचारू नका. "अण्णाने आम्हाला विकलं" असं आमच्या गल्लीत उघड बोलायचे. 2017 च्या संक्रांतीला 'खैदी नंबर 150' घेऊन तो परत आला आणि तीच माणसं पहाटे कटआउटला दूध घालायला हजर. नेता म्हणून माफ केलं नव्हतं, हिरो म्हणून माफ करायचा प्रश्नच आला नाही.

त्याच्या भावाचं उलट. पवन कल्याण 2019 मध्ये दोन्ही जागांवर पडला, 2024 मध्ये उपमुख्यमंत्री झाला. दोन्ही काळात सिनेमाला गर्दी तीच. त्याला खरा फटका कुणी मारला माहितेय? सरकारने. एप्रिल 2021 मध्ये 'वकील साब' लागायच्या तोंडावर आंध्र सरकारने तिकिटांचे दर बांधून टाकले. सरकारचं म्हणणं, गरिबांना सिनेमा परवडावा. त्याच्या लोकांचं म्हणणं, हे आमच्या अण्णासाठीच केलंय. कुणाचं खरं मानायचं ते माना, पण प्रेक्षक दारात उभा असून निर्मात्याचं नुकसान होऊ शकतं, एवढं त्यातून दिसतं.

अजून एक. प्रकाश राज म्हणजे तुमच्या 'सिंघम'मधला जयकांत शिक्रे. गौरी लंकेश यांच्या हत्येनंतर तो उघड बोलायला लागला. हिंदीतली कामं त्यानंतर बंद झाली, दक्षिणेत अडचण नाही, असं त्यानेच 2018 मध्ये सांगितलं होतं. 2019 मध्ये बंगळूरमधून अपक्ष उभा राहून पडला. 2024 मध्ये तिरुपतीच्या लाडूवरून त्याचं आणि पवन कल्याणचं जाहीर वाजलं. आमच्या इथे त्यावरून दोन दोस्तांनी बोलणं टाकलं. वर्षभरात 'ओजी' आला, त्यात दोघंही. दोस्त अजून बोलत नाहीत.

---

निवांत_बे

😂😂 त्या दोघांना 'ओजी'चं तिकीट काढून शेजारी शेजारी बसवा बे.

---

अक्कलकोट_रोड

भाषेचं काय, ते कुणी बोललंच नाही. आमच्या घरी कन्नड. पक्षाबद्दल काहीही बोला, लोक विसरतात. भाषेबद्दल बोललात तर विसरत नाहीत. 'बाहुबली'तला कटप्पा, तमिळ नट सत्यराज 2008 मध्ये कावेरीच्या पाणीवादात काहीतरी बोलून गेला होता. नऊ वर्षांनी 'बाहुबली 2' लागायच्या वेळी कर्नाटकात ते उकरून निघालं आणि कटप्पाला व्हिडिओ करून खेद व्यक्त करावा लागला. त्याने केला, सिनेमा लागला आणि तुफान चालला. 2025 मध्ये कमल हासन कन्नड तमिळमधून जन्मली म्हणाला आणि माफी मागायला नकार दिला. 'ठग लाइफ' कर्नाटकात लागलाच नाही. प्रदर्शन रोखता येणार नाही असं सुप्रीम कोर्टाने सांगेपर्यंत मोसम निघून गेला होता. उलट कन्नड नट राजकुमारांनी 1982 मध्ये कन्नडसाठीच्या गोकाक चळवळीत उडी घेतली आणि ते देवच झाले. तेही राजकीयच की.

---

तिसरी_रांग

'ठग लाइफ' तमिळनाडूतही आपटला हो, तिथे तर कुणी अडवलं नव्हतं. पण तुमचा मुद्दा मोलाचा आहे. माझ्या "प्रेक्षक बसवत नाही" या म्हणण्याला भाषा हा अपवाद दिसतोय. तरीही बघा, थिएटरात लागू दिला नाही तो वितरकांनी आणि संघटनांनी. कन्नड प्रेक्षक गेला असता की नसता हे तपासायची संधी कुणाला मिळालीच नाही.

---

मंडपवाला

उशिरा येतोय, नवरात्राची गडबड होती. तुम्ही सगळे कोटींच्या गप्पा मारताय, मी जरा हजारांच्या मारतो.

आमचं काम मंडप, साउंड, लाइट आणि मंडळाला हवा असेल तर कलाकारही आणून देणं. मराठी मालिकेतल्या मध्यम नावाच्या नट-नट्यांचं पोट नुसत्या मालिकेवर भरत नाही. मालिका आज आहे, उद्या चॅनेलने वेळ बदलली की गुंडाळली. खरा पैसा सुपारीत, म्हणजे पैसे घेऊन कार्यक्रमाला हजेरी लावण्यात. साडीच्या दुकानाचं उद्घाटन, दहीहंडी, गणपतीत 'होम मिनिस्टर'सारखे खेळ, नवरात्रात पैठणीचा कार्यक्रम, हळदीकुंकू. एका संध्याकाळचे तास-दीड तास, आणि पाकीट.

आता या सुपारीचा पैसा देतं कोण? मंडळाच्या वर्गणीतून असला कलाकार येत नाही. देतो तो नगरसेवक, माजी नगरसेवक किंवा इच्छुक. इच्छुक जास्त. फ्लेक्सवर कलाकाराच्या दुप्पट आकाराचा फोटो त्याचा. मी त्याला पाच नावं सुचवतो. तो एकेकीचं फेसबुक उघडून बघतो, किंवा त्याचा पुतण्या बघतो. "ही नको, ही त्या लोकांची आहे." झालं. एवढ्यावर संपलं. त्या बाईला कळतही नाही की सोलापूरची एक सुपारी गेली. तिला फक्त वाटतं, या वर्षी फोन कमी आलेत. समोरच्या पैठणीच्या आशेने आलेल्या बायकांना कुणी विचारत नाही. त्यांना कोणीही चालते. त्यांना मालिकेत पुढे काय होणार ते विचारायचं असतं.

आणि हे एकाच पक्षाचे लोक करतात असं समजू नका. मी सगळ्यांचे मंडप बांधलेत.

मोठ्या हिरोला काही होत नाही असं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, कारण त्याच्यावर लोकांचा पैसा थेट येतो. ज्याचा पैसा मधल्या माणसाच्या हातातून येतो त्याने तोंड उघडलं की मधला माणूस घाबरतो. प्रेक्षक बिचारा शेवटपर्यंत तसाच बसलेला असतो.

---

तिसरी_रांग

मंडपवाला, मला दोन दिवस जे नीट मांडता येत नव्हतं ते तुम्ही मांडलंत. जाहिरातदार, चॅनेल, वितरक, फेसबुक उघडून बघणारा पुतण्या, हे सगळे प्रेक्षकाच्या नावाने घाबरतात. किशोरकुमारचंच बघा. आणीबाणीत सरकारच्या कार्यक्रमात गायला नाही म्हणाला, तर मे 1976 पासून आकाशवाणी-दूरदर्शनवर त्याची गाणी बंद. ऐकणाऱ्यांनी कधी तक्रार केली होती?

---

शेंगाचटणी

मंडपवाल्यांचं पटलं. पण किरण मानेंचं उदाहरण राहिलं. जानेवारी 2022 मध्ये मालिकेतून काढलं. ते म्हणाले राजकीय पोस्टमुळे, निर्मात्यांकडून सांगितलं गेलं की सेटवरच्या वागण्यामुळे. खरं काय ते त्यांना माहीत. पण त्याच वर्षी ते बिग बॉसच्या घरात होते आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत टिकले. म्हणजे एका चॅनेलला नकोसा झालेला माणूस दुसऱ्याला हवासा झाला, तोही त्याच वादामुळे मिळालेल्या नावावर. 2024 च्या सुरुवातीला ते पक्षातही गेले. याला नुकसान म्हणायचं की भांडवल?

---

मंडपवाला

दोन्ही. त्यांचं नाव निघालं. ज्यांना गुपचूप काढतात त्यांचं नाव तुम्हाला-मला कळतच नाही. मालिकेत पात्र परगावी जातं आणि परत येत नाही.

---

रूपाभवानी

इतके प्रतिसाद झाले, सगळे गल्ल्याबद्दल. बाई बोलली की काय होतं ते मी लिहिते.

पुरुष नट बोलला तर "याचा सिनेमा बघू नका." बाई बोलली तर तिचे कपडे, तिचं लग्न, कुणाबरोबर राहते आणि बलात्काराच्या धमक्या. माझ्या ओळखीची एक मुलगी इथल्या हौशी रंगभूमीवरून मुंबईला गेली, आता छोटी-मोठी कामं करते. एका आंदोलनाबद्दल चार ओळी लिहिल्या तर तिच्या आईच्या नंबरवर घाण मेसेज आले. आई इथे सोलापुरात. पोरीने पोस्ट काढली. काम गेलं का? नाही. पण आता ती फक्त दिवाळीच्या शुभेच्छा टाकते.

नटी केतकी चितळेला मे 2022 मध्ये एका शेअर केलेल्या पोस्टवरून अटक झाली, महिन्याहून जास्त कोठडीत होती. तिची पोस्ट मला अजिबात आवडली नव्हती, वाईटच होती. पण त्या महिन्यात तिच्याबद्दल जे लिहिलं गेलं ते वाचून वाटलं, हे पोस्टला उत्तर नाही. आणि लिहिणारे ते होते जे एरवी दुसऱ्या बाजूच्या ट्रोलांबद्दल गळा काढतात.

दीपिका जानेवारी 2020 मध्ये दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या आंदोलनात जाऊन नुसती उभी राहिली. एक शब्द बोलली नाही. तीन दिवसांनी 'छपाक' लागला, समोर 'तान्हाजी'. लोक अजून म्हणतात जेएनयूने 'छपाक' पाडला. अहो, महाराष्ट्रात कोंढाण्याच्या गोष्टीसमोर ॲसिड हल्ल्याची गोष्ट, कुणीही कुठेही गेलं नसतं तरी कोण जिंकणार होतं? आणि तीन वर्षांनी 'पठाण'मध्ये तिच्या बिकिनीच्या रंगावरून गदारोळ झाला, सिनेमाने जगभरात हजार कोटी केले. तिचं करिअर कुणाला बसवता आलं नाही हे खरं. पण त्या मुलीच्या आईचा फोन तुमच्या कुठल्याच आकड्यात येत नाही.

---

निवांत_बे

रूपाभवानी ताई, यावर चेष्टा सुचत नाही.

---

बार्शीलाइट

सगळे "कलाकाराने बोलावं का" विचारताय. आमच्या गावचा कलाकार बोलण्याचीच भाकरी खायचा. अमर शेख. बार्शीचे, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. गिरणीत राबले, लाल बावटा कलापथकात अण्णाभाऊ आणि गव्हाणकरांबरोबर उभे राहिले, संयुक्त महाराष्ट्राच्या सभा त्यांच्या डफाशिवाय सुरू व्हायच्या नाहीत. पक्ष काढून घेतला तर अमर शेख उरतच नाहीत. आजही एप्रिलमध्ये सोलापुरात भीमजयंतीचे जलसे ऐका. तिथला गायक व्यवस्थेवर बोलला नाही तर लोक उठून जातील. त्याची सुपारी बोलण्याचीच असते.

आणि नट म्हणाल तर निळूभाऊ फुले. पक्के समाजवादी, सेवादलातले, मोर्च्यात दिसायचे. दादा कोंडके उघड शिवसेनेचे. दोघांच्या सिनेमाला गाव पक्ष बघून गेलं का? निळूभाऊंना बायका शिव्या घालायच्या त्या पडद्यावरच्या सरपंचाला, समाजवादाला नाही.

जाता जाता, ज्या थिएटरात तिसरी_रांग नाटक बघायला गेले ते कुणाच्या नावाचं आहे? धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा. 1931 मध्ये फासावर गेले ते राजकारणापायीच. आणि आपण त्याच रंगमंचावर म्हणतो, राजकारण नको.

---

शेंगाचटणी

हा हुतात्म्यांचा मुद्दा सोलापूरच्या प्रत्येक धाग्यात येतोच, पार्किंगच्या धाग्यातही आला होता. निळूभाऊंच्या वेळी फेसबुक नव्हतं. भाऊंचं मत मोर्चात, भूमिका पडद्यावर, दोन्हींत अंतर होतं. आता सकाळी मत वाचायचं आणि रात्री त्याच माणसाला प्रेमळ बाप म्हणून बघायचं. माझ्याच्याने होत नाही, प्रामाणिकपणे सांगतो. त्यात 2019 मध्ये कोब्रापोस्ट या वेबसाइटने दाखवलं की कितीतरी नामांकित लोक पैसे घेऊन पक्षाच्या बाजूने लिहायला तयार होते. मग समोरचं मत त्याचं स्वतःचं की पाकिटाचं, हे तरी मी कसं ओळखायचं?

---

तिसरी_रांग

अंतराचा मुद्दा मान्य, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. अमोल कोल्हे मात्र मला अजून कोड्यात टाकतात. 2019 मध्ये संध्याकाळी टीव्हीवर संभाजीराजे आणि त्याच सुमारास शिरूरचे खासदार. मालिका दोन्ही बाजूंचे लोक बघत होते. 2022 मध्ये त्यांनी आधी केलेल्या सिनेमातली नथुरामची भूमिका बाहेर आली, तेव्हा त्यांच्याच पक्षातून ओरड झाली. 2024 मध्ये पुन्हा निवडून आले. म्हणजे भूमिकेचा फटका राजकारणाला बसेल असं वाटलं होतं, तोही बसला नाही.

मंडपवाला, एक विचारायचं होतं. हल्ली कलाकाराशी ठरवताना "स्टेजवर राजकीय बोलायचं नाही" अशी अट घालतात म्हणे. लेखी असते का?

---

मंडपवाला

लेखी कोण देतंय. फोनवर सांगतात, "ताईंना सांगा, माईकवर फक्त नवरात्राच्या शुभेच्छा, बाकी काही नको." मी निरोप देतो, ताई हो म्हणतात. मग कार्यक्रमाच्या दिवशी स्टेजच्या मागे पुतण्या चिठ्ठी घेऊन येतो. तिच्यावर लिहिलेलं असतं, "आपल्या प्रभागाचे लाडके, भावी नगरसेवक" आणि पुढे काकाचं नाव. तीन वेळा घ्यायचं, त्यातलं एक पैठणी देताना.

---

रूपाभवानी

आणि ताई घेतात?

---

मंडपवाला

घेतात की. पाकिटात धरलेलं असतं ते.